भाकर वजा केल्यावर उरलेला रस्सा

पहिल्या खेपेला मी फक्त भाकर काढली, बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. पोळ्याची कर होती. श्रावणभर पाळलेलं, त्यामुळे घरात सकाळपासून मटणाचीच लगबग. गंजावर बोटभर तर्री आलेली, वरून सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पेरलेला. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघून ‘भाकरी, पोळी, भात निम्म्यावर आणा’ असं सांगितलं होतं. मी एक पाऊल पुढे गेलो. भाकर अजिबात नको, वाटीत मटण घेईन आणि चमच्याने खाईन, असं जाहीर केलं. आईने आधी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘भाकर नाही तं मटन कायले खातं?’’

चौथ्या चमच्याला नाकाडोळ्यांतून पाणी आलं. सहाव्याला रस्सा खारट लागायला लागला. तोच हात, तोच मसाला, चाळीस वर्षं खातोय तोच रस्सा, पण तो खारट आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वाटी काही संपली नाही. रात्री साडेदहाला मी गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन दुरडीतली गार भाकर ठेच्याशी खाल्ली.

आईचा प्रश्न तेव्हा चेष्टेचा वाटला होता. नंतर लक्षात आलं की अख्ख्या स्वयंपाकाचं गणित तिने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. वऱ्हाडातला मटणाचा रस्सा ही मुळात अर्धीच वस्तू आहे. उरलेली अर्धी म्हणजे भाकर. अर्धी वस्तू काढून घेतली की उरलेली आपोआप पूर्ण होत नाही, ती नव्याने रांधावी लागते.

आमचं अमडापूर हे चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं, बल्लाळदेवीचं गाव. बुलढाणा जिल्ह्यात माणसं स्वतःची ओळख ‘घाटावरचे’ नाही तर ‘घाटाखालचे’ अशी सांगतात. आम्ही घाटावरचे. आता शिवारात सोयाबीन आणि तूर दिसते, पण माझ्या लहानपणी ज्वारी होती आणि ताटातही ज्वारीच होती. मटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. एक किलो मटण आणि खाणारी दहा-बारा तोंडं, म्हणजे माणशी तीन-चार फोडी. मग पोट कशाने भरायचं? भाकरीने. आणि ती कोरडी, बिनमिठाची भाकर घशाखाली उतरायची कशाने? रश्शाने. म्हणून रस्सा पातळ, की तो भरपूर होतो. म्हणून तिखट, की एका घासाला थोडासा पुरतो. मीठ चढं, कारण भाकरीत मीठ नसतं. तर्री जाड, कारण भाकरीला ओलावा आणि चव दोन्ही तेलानेच येतात. भाकर चुरून, वर रस्सा ओतून ओरपणारा माणूस प्रत्येक घासाबरोबर रस्सा चौपट सौम्य करून खात असतो. मी तो तसाच, न चुरता, चमच्याने पीत होतो. नाकातून पाणी येणार नाही तर काय होईल?

दुसऱ्या खेपेच्या आधी मी एक काम केलं. घरातला लहान वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि बायको भाकरीला पीठ घेत होती ते मोजत गेलो. भाकरीमागे साठ ते सत्तर ग्रॅम कोरडं पीठ. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एका भाकरीत चाळीस-पंचेचाळीस. दोन भाकरींचे पंच्याऐंशीच्या घरात, वर शेवटी ‘थोडासा’ भात घेतला की आणखी चाळीस. मटणाची खुद्द बाजू जवळजवळ शून्य. जिवंत जनावराच्या स्नायूंत साठवलेली थोडी साखर असते, पण कापल्यानंतर तिचं आम्लात रूपांतर होतं. उरतात ती प्रथिनं आणि चरबी.

म्हणजे रस्सा सुटला? तसंही नाही. रश्शात साखर चोरवाटांनी येते. पहिली वाट बटाट्याची. मटण पुरवठ्याला यावं म्हणून घातलेले दोन बटाटे, शंभर ग्रॅमला १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. दुसरी वाट आळणाची. रस्सा पाणचट वाटला की शेवटी बेसन किंवा ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावतात ते आळण. (पश्चिम महाराष्ट्रातला ‘अळणी’ रस्सा वेगळा, त्याचा आळणाशी काही संबंध नाही.) लग्नाच्या पंगतीत आळणाऐवजी येसर येतो. तोही गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी भाजून मसाल्याबरोबर दळलेलाच. तिसरी वाट कांद्याची, आणि ही सगळ्यात फसवी. चार मोठे कांदे परतून परतून मूठभर होतात, तेव्हा वाटतं कांदा ‘जळाला’. जळतं ते पाणी. शंभर ग्रॅम कच्च्या कांद्यात दहाएक ग्रॅम कर्बोदकं असतात, ती परतल्यावरही जवळपास तेवढीच राहतात. उलट पाणी गेल्याने गोडी दाट होते, म्हणूनच तर लालसर परतलेला कांदा गोड लागतो. या सगळ्या वाटा मिळून जुन्या पद्धतीच्या एका वाडग्यात पंचवीसेक ग्रॅम येतात. दोन भाकरी धरल्या तर ताट एकशेदहावर जातं.

हे आकडे मोजायचे कशाला? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत दिसलं की सरासरी भारतीय माणसाची ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आमच्यासारख्यांना टोचणारी गोष्ट त्यापुढे आहे. पांढऱ्या भाताच्या किंवा मैद्याच्या जागी नुसता आख्खा गहू किंवा ज्वारी-बाजरी आणली, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. ‘ज्वारी थंड असते, ज्वारीने साखर वाढत नाही’ असं आमच्याकडे पारावरचा प्रत्येक जण सांगतो. ज्वारी मैद्याहून चांगलीच, पण तीन भाकरी त्या तीन भाकरीच. धान्य बदलण्याइतकंच मापही बदलावं लागतं.

विदर्भात आहाराच्या गप्पा निघाल्या की डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव येतंच, आणि पाठोपाठ त्यांचा विचार घरोघरी नेणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं. पण त्या पद्धतीचा भर किती वेळा खायचं यावर आहे. दिवसातून दोनदाच जेवा, म्हणजे इन्शुलिन दोनदाच स्रवेल, असा तो हिशेब. कमी कर्बोदकांची पद्धत वेगळी. ती ताटात काय आहे ते विचारते. गावात दोन्हींची सरमिसळ होते आणि ‘मी डाएटवर आहे’ म्हणणारा माणूस दोनदाच, पण प्रत्येक वेळी चार पोळ्या खाताना दिसतो.

मांस खाऊन मधुमेह आवरण्याची कल्पना मात्र नवी नाही. इन्शुलिन हाती नव्हतं तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. ब्रिटिश लष्करातले शल्यवैद्य जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये एका कॅप्टनला धान्य जवळपास बंद करून मांसाहारावर ठेवल्याची हकिगत छापली. १८६३ मध्ये विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थाने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वजन कसं उतरवलं याची पुस्तिका काढली. त्याचा धंदा अंत्यसंस्काराचं सामान पुरवण्याचा. ती पुस्तिका इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याच्या खाण्याला आजही त्याच्याच नावावरून शब्द आहे. आपल्याकडे चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला जव आणि जांगल म्हणजे कोरड्या, झुडपी मुलखातल्या प्राण्यांचं मांस सांगितलेलं आहे. तिथे धान्य बंद नाही, भातापेक्षा जवाला पसंती आहे. मला ही तडजोड जास्त शहाणपणाची वाटते.

चुलीकडे वळण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर एका दिवसात भाकर बंद करू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी ताटात भाकर आहे असं धरूनच दिलेली असते. भाकर गेली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर घसरते, घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस बेशुद्धही होतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांत वेगळा धोका आहे. कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल साचतं, आणि मीटरवर साखर ठीक दिसत असल्याने लवकर कळतही नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने मांस वाढवू नये. गोळ्यांचं माप आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, मटण मग आणावं.

मटण. महाराष्ट्रात मटण म्हणजे बोकड, मेंढी क्वचित. विदर्भाची स्वतःची शेळी आहे, बेरारी. तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. दिवसभर बांधाबांधाने, काट्याकुट्यांत फिरून चरणारं जनावर, त्यामुळे मांस चिवट पण चवीचं. दुकानात गेलो की ओळखीचा पोरगा विचारतो, ‘‘काका, रान देऊ का?’’ रान म्हणजे मागचा पाय. त्यात मांस जास्त, हाड कमी, म्हणून पाहुण्यांसाठी तोच नेतात. मी दस्त आणि गर्दन मागतो, आणि एक नल्ली. तो हसतो, कारण हा जरा हलका माल समजला जातो. पण भाकरीविना खायच्या रश्शाला हाच माल लागतो. पुढचा पाय आणि मान म्हणजे जनावर सतत राबवतं ते अवयव. त्यांत स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे पडदे, दोऱ्या जास्त असतात. त्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या. सत्तर अंशांच्या पुढे बराच वेळ ओल्या उष्णतेत राहिलं की कोलॅजेन विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. ओठांना किंचित चिकटणारा, जिभेवर भरीव लागणारा रस्सा जिलेटिनचा असतो, पिठाचा नाही. रात्री उरलेला रस्सा सकाळी थिजलेला दिसतो, तो सगळा चरबीने थिजत नाही. वरचा पांढरा थर चरबीचा, आणि खाली खरवसासारखं थरथरतं ते जिलेटिन. आळणाचं निम्मं काम ते फुकटात करतं.

आमच्या घरी आता चार माणसांना पाऊण किलो मटण लागतं. जुन्या हिशेबाने ही उधळपट्टी. पण भाकर गेली तर तिची जागा कशाने तरी भरावी लागणार, नाहीतर रात्री साडेदहाची दुरडी आहेच. हाड वगळलं तर माणशी दीडशेच्या जवळपास ग्रॅम कच्चं मांस, आणि त्यात पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिनं.

मसाल्यासाठी कांदा एकच, शंभर ग्रॅमचा, आणि तो परतायचा नाही, गॅसच्या जाळावर सालासकट भाजायचा. पूर्वी चुलीच्या निखाऱ्यात खुपसत. साल कोळसा होते, आतला कांदा वाफेवर मऊ होतो, आणि साल काढली तरी धुरकट वास राहतो. एका कांद्यात चार कांद्यांचा आव आणण्याची ही युक्ती आहे. सोबत चाळीस ग्रॅम सुकं खोबरं, तेही जाळावर भाजून. दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, लसणाचा एक गड्डा, अद्रकाची दोन पेरं, मूठभर सांबार, देठांसकट. खडा मसाला म्हणजे धने, शहाजिरे, लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, आणि दगडफूल. दगडफूल हे ना दगड, ना फूल. शेवाळ आणि बुरशी यांचा एकत्र संसार, म्हणजे दगडावर किंवा झाडाच्या सालीवर वाढणारं शैवाक आहे. नुसतं हुंगलं तर मातकट, काही खास नाही. गरम तेलात पडलं की काळ्या मसाल्याचा ओळखीचा वास त्यातूनच उठतो. विकतचा तयार मसाला घेतला तर पाकिटावरचे घटक वाचावेत. त्यात कधी भाजलेली डाळ किंवा तांदूळ असतो.

हे सगळं पाट्यावर वाटलं तर उत्तमच, पण माझ्याच्याने ते होत नाही. मिक्सर चालतो, फक्त खोबरं आणि तीळ आधी कोरडे दळून मग बाकीचं घालावं, नाहीतर रवाळ राहतं. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त आणि तिळात चाळीसहून जास्त चरबी असते, हे तेल ओतताना आठवावं. जेवढं खोबरं वाढलं तेवढं तेल कमी. कमी कर्बोदकांच्या नावाखाली पातेलंभर तर्री करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची साखर उतरली आणि पँट घट्ट झाली.

गंजात तीन चमचे तेल, त्यात मटण, हळद, थोडं मीठ, थोडी वाटलेली लसूण-अद्रक. मोठ्या आचेवर परतायचं. आधी पाणी सुटतं आणि मटण त्यात उकळत राहतं. इथे बहुतेक जण धीर सोडतात आणि मसाला टाकतात. थांबायचं. पाणी आटलं की आवाज बदलतो, बुडबुड जाऊन चुरचुर सुरू होते. तळ शंभर अंशांच्या वर गेल्याची ती खूण. आता मांसाचा रंग बदलून कडांना तांबूस येतो. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या या रासायनिक खेळाला फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांचं नाव आहे, त्यांनी तो १९१२ मध्ये मांडला. पाण्यात बुडलेलं मटण कितीही तास शिजवलं तरी हा वास येत नाही, कारण पाणी शंभरापुढे जाऊ देत नाही. कांदा कमी केल्यामुळे गेलेली चव इथून परत मिळवायची आहे, म्हणून ही दहा मिनिटं सोडू नयेत.

मग ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. ही रीत आमच्याकडे प्रत्येक घरात आहे, आणि विचारलं तर ‘असंच करतात’ एवढंच उत्तर मिळतं. पण तिच्यात दोन करामती आहेत. खालून येणारी वाफ पाण्याने थंड राहिलेल्या ताटाला लागून पुन्हा थेंब होते आणि गंजात परतते, तिच्याबरोबर वासाचे पदार्थही. आणि गंजात पाणी वाढवायची वेळ येते तेव्हा ताटातलं पाणी कढत झालेलं असतं, तेच आत ओततात. ‘गार पाणी टाकलं की मटन वातड होते’ अशी समजूत आहे. कायमचं वातड काही होत नाही, पण उकळी मोडते, ती पुन्हा यायला वेळ जातो, आणि तेवढा वेळ शिजणं थांबतं. घाटावर गाव पाच-सहाशे मीटर उंचीवर असल्याने पाणी तसंही शंभराच्या एक-दोन अंश आधीच उकळतं, त्यात आणखी खोळंबा कशाला? घाई असेल तर कुकर आहेच. आतला दाब पाण्याला १२० अंशांच्या आसपास नेतो, आणि गंजात दीड-दोन तास घेणारं कोलॅजेन पंचवीस-तीस मिनिटांत विरघळतं. मी अर्ध्या वेळा कुकरच लावतो. चवीत फरक पडतो, नाही कशाला म्हणू, पण दस्त आणि गर्दन असेल तर रश्शाचा भरीवपणा कुकरमध्येही येतो.

मटण बोटाने तुटेल इतकं शिजलं की दुसऱ्या कढईत थोड्या तेलात मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, त्यात तिखट घालायचं, आणि हे सगळं गंजात. तिखट किती? नेहमीच्या मापाचा तिसरा हिस्सा. इथे हात आखडत नाही, हे मला ठाऊक आहे, पण आखडावाच लागतो. मिरचीचा जाळ करणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून तर्री सगळ्यात जहाल असते आणि वरून पाणी पिऊन आग विझत नाही. आजवर ती आग भाकर विझवत होती. रंगासाठी कमी जहाल, जास्त लाल मिरची घ्यावी. रंगही तेलातच उतरतो, तेव्हा तर्री लालभडक दिसेल आणि तरी जीभ वाचेल. मीठ नेहमीच्या निम्मं घालून चाखावं. चमच्याने चाखावं, भाकरीच्या तुकड्याने नाही.

राहिला दाटपणा. जिलेटिनने आणि तीळ-खोबऱ्याने तो बराच येतो, तरी आळणाची सवय झालेल्या जिभेला काहीतरी उणं वाटतं. मी बरेच प्रयोग केले. दाण्याचा कूट घातला, रस्सा भाजीसारखा लागला. नुसतं खोबरं वाढवलं, तेलकट झालं. मग फळीवरच्या जवसाच्या चटणीकडे लक्ष गेलं. जवस वऱ्हाडाला नवा नाही. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या सावजी रांधण्यात जवसाचं तेल वापरत, आमच्याकडे चटणी रोजचीच. जवसाच्या शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं २९ ग्रॅम दिसतात, पण त्यांतला जवळपास सगळा, २७ ग्रॅम, न पचणारा तंतुमय भाग असतो. साखरेच्या खात्यात दोनच ग्रॅम. आणि त्याच्या सालीत एक बुळबुळीत द्रव्य असतं, ते पाणी शोषून फुगतं. म्हणजे हे आयतं आळण. दोन चमचे जवस मंद भाजायचे, तडतडले की उतरवून गार करायचे, तिथल्या तिथे दळायचे. आच बंद केल्यावर पूड भुरभुरत ढवळायची आणि दहा मिनिटं झाकून ठेवायची. दोनाचे चार चमचे केले तर रस्सा भेंडीसारखा तार धरतो. मी केलं आहे, सगळ्यांनी वाट्या मागे सारल्या होत्या. दळलेली पूड डबा भरून ठेवू नये, जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं.

बटाट्याच्या जागी दुधी आणि मुळा. दुधी मटणात घालतात म्हटल्यावर घरात हसू झालं, पण दुधीला स्वतःची चव जवळजवळ नसल्याने तो रस्सा पितो आणि फोडीसारखा लागतो. तीनशे ग्रॅम दुधीच्या मोठ्या फोडी शेवटच्या पंधरा मिनिटांत टाकाव्या, आधी टाकल्या तर विरघळतात. वांगंही चालतं, वऱ्हाडात वांगं कशात चालत नाही? ताटात काकडी, कच्चा कांदा अगदी थोडा, आणि ताक. हे सगळं धरून माणशी कर्बोदकं पंधरा ग्रॅमच्या आसपास जातात, तंतुमय भाग वजा केला तर दहाच्या जवळ. जुन्या ताटाच्या एकशेदहापुढे हे काहीच नाही. म्हणूनच मला त्यात अर्धी भाकर परवडते. ती मी शेवटी खातो, आधी मटण आणि दुधी संपवून. आई आता काही म्हणत नाही.

रोज मात्र हे नव्हे. कर्बोदकं कमी करून त्या जागी प्रथिनं आणा असं सांगणारी परिषदेची ती पाहणी डाळी आणि दूधदुभत्याच्या बाजूने बोलते. लाल मांस फायद्याच्या यादीत नाही, आणि बोकड लाल मांसातच मोडतो. आमच्याकडे मटण आठवड्यातून एकदा होतं. बाकीचे दिवस मेथी-अंबाडीची भाजी, अंडी, पनीर आणि पातळ वरण.

वाटीत मटण खायला गावात थोडा संकोच वाटतो हे खरं. वाटीत दिलं जातं ते पायाचं सूप, म्हणजे बाळंतिणीचं नाही तर हाड मोडलेल्याचं. पण आणखी एक वाटी होती. तिखट पडण्याआधी पोरांसाठी पळीभर बाजूला काढून ठेवलेली. हळद-मिठाचं पाणी, त्यात दोन मऊ फोडी आणि एखादी नल्ली. आमच्या घरी त्याला ‘पिवळं पाणी’ म्हणत. चुलीजवळ बसून ते फुंकत फुंकत प्यायचं आणि मग नल्ली ताटावर आपटायची. त्या वाटीबरोबर भाकर कुणी दिल्याचं आठवत नाही, आणि लागलीही नव्हती.

उरलेल्या रश्शाबद्दल एवढंच की जवसाची पूड सगळ्या गंजात कालवू नये, लागेल तेवढा रस्सा वेगळा काढून त्यातच घालावी. जवस घातलेला रस्सा दुसऱ्या दिवशी गरम केला तर गोळा होतो. बिनजवसाचा गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी वरचा चरबीचा थर डावाने अलगद निघतो, पुढच्या फोडणीला तो तेलाऐवजी वापरता येतो. खालचा थरथरता भाग मंद आचेवर ठेवायचा, ढवळायचा नाही. तो आपला आपण सुटतो.